तोंड आलं तेव्हा

दुर्गच्या मोहन नगरात कलावतीबाईंचा आवाज तीन घरं पलीकडे ऐकू येई. रेल्वेत नोकरीला असलेल्या नवऱ्याबरोबर त्या वर्ध्याहून इकडे आल्या. शेजारणींच्या संगतीनं छत्तीसगढी शिकल्या, आणि तंबाखूची ती काळी गुडाखू दातांवर घासायलाही. नवरा गेला, पण गुडाखू सुटली नाही. साठी उलटली आणि गालाच्या आत गाठ आली. तपासणीत कॅन्सर निघाला.

ऑपरेशननंतर भिलाईच्या दवाखान्यात रेडिएशन सुरू झालं. घरात त्याला शेक म्हणत. सुरुवातीचे शेक निभावले. मग तोंड आलं, ते असं की पाण्याचा घोटही जाळत उतरे. एका सकाळी सून नूतन रिक्षा घेऊन आली, तर त्या भिंतीकडे वळून पडलेल्या.

“मले नाही जायचं. मरू दे.”

नूतननं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर मोनाली म्हणाल्या, “शेकाचं नंतर बघू. आधी तोंड दाखवायला आणा.”

तिथं बाईंना काळा चष्मा घातला. पेनासारखी एक कांडी तोंडात घालून डॉक्टरांनी एकेका फोडाजवळ लाल उजेड धरला.

“हा उजेडबी जाळते काय?”

“नाही मावशी. यानं फोड भरायला मदत होते, दुखणं कमी होतं. कॅन्सरचा इलाज मात्र शेकच. तो सोडू नका.”

पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. पण त्या रोज जात राहिल्या, शेकही घेत राहिल्या. आठवडाभरानं वाटीभर पेज पोटात गेली, तेव्हा नूतन ओट्याकडे तोंड करून रडली.

जरा बोलता येताच बाईंनी विचारलं, “कवडूभाऊ दिसून नाही राहिले?”

कवडूभाऊ जवळच्या उतई गावचे, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचेही तोंडाचे शेक चालू होते; पाळीची वाट पाहत दवाखान्यातल्या बाकावर बाईंच्या शेजारी बसत. फोडांना कंटाळून ते शेक सोडून घरी बसले होते.

रविवारी बाई नूतनला घेऊन उतईला गेल्या. त्या शेकाचंच सांगायला आल्या हे ओळखून कवडूभाऊंनी हातानंच ‘नाही’ म्हटलं. त्यांची बायको राधाबाई दाराशी उभी होती. कलावतीबाईंनी समजावणीचा शब्द काढला नाही. परक्या पुरुषासमोर तोंडावर पदर धरल्याशिवाय कधी न हसलेल्या त्या बाईनं खाली बसून आ केला. नूतननं मोबाईलचा टॉर्च धरला.

“पाहा भाऊ. भरून राहिलं. तुमचंबी भरते.”

कवडूभाऊंनी पुढं वाकून पाहिलं. सोमवारी ते दवाखान्यात आले. उजेड घेतला, राहिलेले शेकही पुरे केले.

पण शेकात पडलेला मधला खंड मोठा होता. दिवाळीनंतर दुखणं उलटलं आणि फाल्गुनात ते गेले.

कलावतीबाई भेटायला गेल्या, तेव्हा राधाबाई म्हणाली, “जायच्या आदल्या दिवशी भात-वरण मागितलं. आपल्या हातानं जेवले, तोंड जळलं नाही.”

कलावतीबाईंनी तिचा हात धरला.