जोतीरामची जीप आणि खाजणाचा चिखल

जोतीराम माने माण तालुक्यातला, मी महाडकडचा. तो उरणजवळ द्रोणागिरीच्या भरावावर जीप चालवायचा आणि माझं नवी मुंबईत शिरवण्यात गॅरेज. त्याची खोली गॅरेजमागच्या चाळीत, त्यामुळे जीप रोज संध्याकाळी माझ्याच दारात लागायची. जीप कसली, चिखलाचा ढीग यायचा. आत गाडी आहे हे आपण समजून घ्यायचं.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. तो काम करायचा त्या भागात तेव्हा नुसतं खाजण होतं. मिठागरं, मातीचे बांध आणि भरतीचं आत-बाहेर करणारं पाणी. त्यात मुरूम टाकून जमीन करायचं काम अरविंदशेठ नावाच्या कंत्राटदाराकडे होतं. डंपर जातील तिथवर जायचे, त्याच्यापुढे जोतीरामची जीप. मोजणीवाले साहेब, डिझेलचे कॅन, जेवणाचे डबे, सगळं तिच्यातूनच जायचं.

शेठनं त्याला शब्द दिला होता, की भराव संपला की ही जीप तुझी, गावाला घेऊन जा. शेठ शब्दाचा पक्का होता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच त्याच्यावर संशय घेत बसाल. जोतीरामचं सगळं ठरलेलं. गाडी न्यायची आणि दहिवडी-म्हसवड रस्त्यावर वडाप लावायचं. वडाप म्हणजे मावतील तेवढी माणसं भरून चालणारी जीप. त्याची बायको वेणूबाई तर गावी जायला टपूनच बसली होती. शिरवण्यात माझा जीव लागत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. मलाही आठवड्यातून एकदा ऐकावं लागायचं.

पहिल्या पावसाळ्यात जोतीरामनं चिखल तसाच वाळू दिला. त्यांच्याकडे बैलगाडीच्या चाकाचा चिखल वाळला की आपसूक गळतो म्हणे. मी त्याला चांगला झापला. म्हटलं, बाबा रे, ही तुझ्या शेतातली माती नाही, खाजणाचा गाळ आहे. पाणी उडून जातं, मीठ राहतं आणि ते पत्रा खातं. ओला असतानाच काढ आणि त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धू. त्यानं मान हलवली. चेहऱ्यावरून वाटलं, कळलं.

मग काय विचारता! कामावरून आला की चहासुद्धा नंतर. बांबूची कामटी घेऊन गाडीखाली शिरायचा. चाकांच्या मागचा, स्प्रिंगच्या पाट्यांमधला, ब्रेकच्या ड्रमाभोवतीचा चिखल खरवडून काढायचा. ट्रकचा जुना टायर कापून त्यानं चाकांमागे रुंद झडपा लावल्या. रेडिएटरपुढे मच्छरदाणीची जाळी बांधली, म्हणजे आत गाळ जायला नको. महिन्याला माझ्याकडून जळकं ऑइल न्यायचा आणि ब्रशनं खालून सगळीकडे फासायचा. इंजिन बंद पडेल म्हणून लोक चिखलात ॲक्सिलरेटर दाबत सुटतात, हा कधी दाबायचा नाही. रुतली तर उतरून चाकाखाली झावळ्या घालायचा. माझ्या गिऱ्हाइकांत असा माणूस दुसरा नव्हता, आणि खरं सांगू, कधीकधी त्याचा वैतागच यायचा. अर्धं अंगण तो अडवून बसायचा.

चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आतून पोकळ असते. तिला जागोजागी भोकं असतात आणि गाळ तिथून आत जाऊन बसतो. ते त्याला मीच दाखवलं होतं. तर हा पठ्ठ्या रबरी नळी घेऊन एकेका भोकातून पाणी सोडायचा, दुसऱ्या बाजूनं स्वच्छ पाणी येईपर्यंत. पाणी चाळीमागून कॅन भरून आणायचा. तिकडे नळही होता आणि विहीरही. नळाला सकाळी तासभर पाणी यायचं, ते वेणूबाई पिंपात भरून ठेवायची.

सत्त्याण्णव साली भराव संपला. शेठनं कागद करून दिले, पेढेही दिले. वेणूबाईनं भांडी पोत्यात बांधली आणि जोतीरामनं जीपला रंग मारून घेतला. वरून गाडी नवरीसारखी दिसत होती. निघायच्या आदल्या दिवशी ग्रीसिंगला आणली म्हणून मी वर घेतली. सवयीनं चासीवर हातोडी वाजवली आणि आवाज भलताच आला. स्क्रूड्रायव्हर लावून जरा दाबला, तर मुठीपर्यंत आत गेला. पुढे दाबला, तिथंही गेला. ऑइलमुळे बाहेरचा पापुद्रा तेवढा धरून होता. आतलं लोखंड पार सडून गेलं होतं.

च्यायला! मी विचारलं, "धुवायला पाणी कुठलं वापरत होतास?"

वेणूबाई चाळीतून बाहेर आली होती. उत्तर तिनंच दिलं. म्हणाली, "हिरीचं, पोपटभाऊ. पिंपातलं घ्या म्हनून मी कंटाळले सांगून."

त्या विहिरीचं पाणी मचूळ. आम्ही त्यानं कपडेसुद्धा धूत नव्हतो, साबणाला फेस यायचा नाही. आणि हा माणूस रोज ते चासीच्या पोटात सोडत होता. बाहेरचं मीठ धुऊन आत भरत होता. मी जाम भडकलो. बोललो त्याला, नको ते बोललो. गोडं पाणी म्हणजे काय ते तुला कळत नव्हतं का, असंही विचारलं.

"कळत हुतं," तो म्हणाला. "आमची आई हिरीत उतरून वाटीनं पानी भरायची, मिस्त्री. ते चिखलावर कसं वतू?"

 आमच्याकडे पाऊस चार महिने कौलावर मुक्काम ठोकून असतो. पाण्याचं भय मला माहीतच नाही. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. पण राग कुणावर काढायचा?

त्यानं एकच विचारलं, की घाटरस्त्याला माणसं भरून चालेल का. मी म्हटलं, एकही माणूस बसवू नकोस. पट्ट्या वेल्ड करून दे म्हणाला असता, तर मी दिल्या असत्या. वर्षभर निघालं असतं. त्यानं तसं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी उरणकडचा एकजण आला आणि रंग बघून आहे तशी विकत न्यायला तयार झाला. जोतीराम म्हणाला, हा तिच्यात लोकंच भरनार. त्यानं भंगारवाल्याला बोलावलं आणि माझ्या अंगणात, डोळ्यांदेखत, चासीचे तुकडे करून घेतले. गॅस कटर चालू होता तोवर तो तिथून हलला नाही. वेणूबाई आत जाऊन पोती सोडायला लागली. भांड्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

गावी जाणं राहिलं. अरविंदशेठनं त्याला पुढच्या कामावर घेतलं आणि नवी जीप दिली. त्या जीपबद्दल कुणी काही शब्द दिला नव्हता. पहिल्या संध्याकाळी ती चिखलानं भरून आली. जोतीरामनं कामटीनं गाळ खरवडला, मग पिंपात नळी टाकली आणि दुसरं टोक हातात धरून तसाच उभा राहिला. तोंडानं ओढून पाणी चालू करायचं, एवढंच काम. पण हात काही वर जाईना.

वेणूबाईनं त्याच्या हातातून नळी घेतली, पदर खोचला आणि सगळी जीप धुतली. वरून, खालून, भोकांतूनसुद्धा. धुऊन होईस्तोवर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.