फर्स्ट क्लासमधली संकष्टी

मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला आहे. आमची कोळंबी परदेशी जाते आणि तिथल्या गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की पाठोपाठ त्याची समजूत घालायला मी जातो. कोळंबी गारेगार पेटीत ऐसपैस आडवी पडून जाते. मी मागच्या रांगेत, गुडघे हनुवटीला लावून. एवढ्या वर्षांच्या गुडघ्यांबद्दल विमान कंपनीने कृतज्ञ होऊन माझ्या खात्यावर माइल्स जमा केले. पुरेसे माइल्स साठले की फर्स्ट क्लासची सीट फुकट. फुकट म्हणजे कसं, तर आधी नेहमीपेक्षा महागातलं तिकीट घ्यायचं, वर कर भरायचा आणि मग ते फुकट.

माइल्स वाढावेत म्हणून मी सगळी खरेदी कार्डावर करू लागलो. हातखंब्याच्या पंपावर डिझेल कार्डावर, बायकोची साडी कार्डावर, घराचे पत्रे कार्डावर. रत्नागिरीत, आमच्या मांडवीतल्या नेहमीच्या मासेवालीने मात्र कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचं काय कालवण करू?" त्यामुळे बांगड्यांवर माइल्स मिळाले नाहीत.

गेल्या वर्षी लंडनच्या माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. नात बघायला आईला घेऊन मी जायचं ठरलं. आई पंचाहत्तरीतली. वडिलांची होडी होती तेव्हा मासळीच्या लिलावात उभी राहून तिने भल्याभल्या दलालांना घाम फोडलेला. पण विमानात ती कधी बसली नव्हती. माइल्स मोजले तर एकाच सीटपुरते. ती सीट कुणाची याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. एवढ्यात, दारात शेजारच्या चार बायका उभ्या असताना, बायकोने मोठ्याने विचारलं, "अहो, फर्स्ट क्लासमध्ये आईंनाच बसवणार ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. मुलगा म्हणून माझी कीर्ती संध्याकाळपर्यंत अख्ख्या मांडवीत पसरली. गुडघे माझ्याकडेच राहिले.

माइल्सवाली सीट मिळण्याचे दिवसही कंपनीच ठरवते. मला हवे ते सगळे दिवस भरलेले; एक दिवस मात्र रिकामा होता. मी झडप घातली. बुकिंग पक्कं झाल्यावर बायकोने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, त्या दिवशी संकष्टी आहे."

आईची संकष्टी म्हणजे चंद्र दिसेपर्यंत कडकडीत, फार तर एखादं फळ. तारीख बदलली तर माइल्स बुडणार होते. मी भीतभीत आईला सांगितलं.

"मग काय झालं?" आई म्हणाली. "उपास पोटाला असतो, पायांना नसतो. जाऊया."

मुंबईपर्यंत आम्ही गाडीने गेलो. त्या महामार्गावर कुठल्याच माइल्सने वर्ग बदलत नाही. खड्डे सगळ्यांना सारखे. विमानतळावर मात्र आईसाठी वेगळा दरवाजा, वेगळा गालिचा. एक तरुणी तिची पिशवी उचलायला धावली. आईने पिशवी सोडली नाही, कारण तिच्यात तळणीच्या मोदकांचा डबा होता. मला त्या तरुणीने अदबीने विचारलं, "सर, आपण सोडायला आलात का?"

दुपारी विमान उडालं. मागे मी माझ्या जागी घडी होऊन बसलो. पुढे आईची काय बडदास्त चालली असेल याची कल्पना करत, कोमट उपमा खात, मी समाधान मानलं. थोड्या वेळाने पडद्यातून एक हवाई सुंदरी आली. चेहरा काळजीचा. आई काहीच खात नाहीत, बरं नाही का, डॉक्टर बोलवायचा का, असं विचारत होती.

मी पडदा ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा फर्स्ट क्लास पाहिला तो असा, तक्रार निवारण्यासाठी. कोळंबीच्या धंद्याचा अनुभव कामी आला. बसायची खुर्ची नव्हतीच ती; दार असलेली चक्क एक खोली होती. आई अंथरलेल्या पलंगावर ताठ मांडी घालून बसली होती. समोर पांढऱ्या कापडावर चांदीसारखे काटेचमचे आणि एक रिकामी बशी.

"बघ की," आई म्हणाली, "ही पोर सारखी येते नि काय काय दाखवून जाते. मी नाय म्हटलं की रडकुंडीला येते. केळं हाय काय विचारलं, तर नाय म्हणे."

एवढ्या थोर वर्गात केळं नव्हतं. ब्लूबेरी होत्या. आईने एक उचलून निरखली. "करवंदंच की. पण चीक नाय." चार खाल्ल्या आणि बशी सारली. मग मुद्द्यावर आली. "चंद्र कधी उगवणार?"

"रत्नागिरीत साडेनऊच्या सुमारास."

"आणि इथे?"

इथे म्हणजे कुठे, हेच मोठं अवघड होतं. समोरच्या पडद्यावर विमान पश्चिमेकडे सरकत होतं आणि खिडकीतला सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. आपण सूर्याच्या मागे धावतोय म्हणून दिवस लांबतोय, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला पटकन समजलं. "म्हणजे पैसे भरून तू माझा उपास लांबवलास."

हवाई सुंदरी बिचारी पुढे वैमानिकांना विचारून आली. लंडनला उतरेपर्यंत चंद्र दिसणार नाही आणि लंडनवर दाट ढग आहेत, असा निरोप होता. शिवाय चंद्र पूर्वेकडून, विमानाच्या शेपटीकडून उगवणार. म्हणजे तिकडे, जिथे माझी सीट होती.

आईने पदर खोचला. दलालाने भाव पाडला की ती असाच खोचायची. मग म्हणाली, "हिथे फोन लागतो काय?"

फर्स्ट क्लासला इंटरनेट फुकट होतं. आमच्या मागच्या लोकांना ते विकत मिळत होतं आणि मी काटकसर केली होती. मी तिचा मोबाइल जोडून दिला. तिने शेजारणीला आवाजी निरोप धाडला: "गो, चंद्र उगवला की गच्चीवर जा नि फोटो धाड. माझा गणपती खोळंबलाय."

मला जागेवर परत पाठवण्यात आलं. उतरायच्या थोडं आधी ती हवाई सुंदरी पुन्हा मला न्यायला आली, या वेळी हसत. मांडवीहून फोटो आला होता. पाण्याची टाकी, नारळाच्या दोन झावळ्या आणि त्यांच्यामध्ये एक तांबूस डाग. दुसरा एक डागही होता, पण तो मोबाइलच्या टॉवरचा दिवा असावा. आईने मोबाइल उशीला टेकवून उभा केला, नक्षीदार पेल्यातलं पाणी तळहातावर घेऊन त्याला दाखवलं आणि डोळे मिटून हात जोडले. हवाई सुंदरीनेही जोडले. आई काय पुटपुटली ते ऐकू आलं नाही, पण तिचा थकलेला चेहरा एकदम निवला. तिला भूक लागली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"आता आण गो तुझं जेवण," आई म्हणाली.

आणि पट्टे बांधायची सूचना झाली. स्वयंपाक बंद. हवाई सुंदरीचे डोळे खरंच भरून आले. आईने तिचीच समजूत काढली, डबा उघडून तिच्या हातावर मोदक ठेवला, एक मला दिला. पलीकडच्या खोलीतला सुटाबुटातला गृहस्थ वास येऊन डोकावला, तर त्याला दोन. त्याला मोदक कसा धरायचा हे तिने खुणेने दाखवलं.

लंडनच्या विमानतळावर बहीण लेकीला घेऊन उभी होती. आईने नातीला छातीशी धरलं आणि मग सगळी हकीकत सांगितली. बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, आईला एवढ्या लांब उपाशी आणलंस?"

परतीच्या प्रवासाला माइल्स उरले नव्हते. आई माझ्या शेजारी, मागच्या रांगेत, कोपर माझ्या बरगडीत. ट्रे आला. तिने भात, भाजी, पाव, लोणचं सगळं संपवलं, माझ्या ट्रेमधली खीर न विचारता उचलली आणि ओठ पुसत म्हणाली, "हा वर्ग बरा. हिथे निदान जेवायला घालतात."