पट्टी मोकळी नाही

मी पत्रकं लिहितो. अंगात येणं, गंडेदोरे, नवसाचा बोकड, सगळ्याविरुद्ध लिहून झालंय, आणि त्यापायी कवठे महांकाळच्या घरात आईनं माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. घर धनगराचं, कुलदैवत बिरोबा. गावी गेलो की आई भंडाऱ्याचं बोट पुढं करायची आणि मी मान मागं घ्यायचो. माझं म्हणणं सरळ होतं: माणसांचा निष्काळजीपणा देवाच्या नावावर खपवू नका. ते आजही मागं घेतलेलं नाही. तरी जे घडलं ते लिहितो, कारण ते मला अजून कळलेलं नाही, आणि न कळलेलं दडवणं हीसुद्धा लबाडीच.

सातारा जिल्ह्यातल्या एका लहान विमानतळावर मी कंत्राटी कामगार आहे. तिथं विमान चालवायला शिकणारी मुलं दोन माणसांची छोटी विमानं उडवतात. विमान उतरण्याआधी मोटरसायकलवरून धावपट्टी बघायची, कुत्री-गुरं हाकलायची आणि वॉकीटॉकीवर 'पट्टी मोकळी' असं सांगायचं, हे माझं काम. कुंपण दोन्ही अंगांना फाटलेलं. त्यावरही पत्रक काढलं होतं, 'कुंपण द्या, नाहीतर जबाब द्या'. कुंपण आलं नाही. पुन्हा असलं छापलंस किंवा कामात चुकलास तर घरी बसवू, ही तंबी मात्र आली.

दिवाळी उलटली होती. मेंढरांचे कळप पश्चिमेकडं निघाले होते. त्या सकाळी विमान परतीला लागल्याचा निरोप आला आणि बघतो तर पट्टीच्या कडेला, आतल्या गवतात, अख्खा कळप उभा. सोबत एकटी म्हातारी. माझं डोकंच फिरलं. मागं वळवण्यापेक्षा पट्टी ओलांडून समोरच्या भगदाडातून बाहेर काढणं लवकरचं होतं.

"मावशी, हाला चटकन! समोरनं भाईर पडा!"

ती उकिडवी बसलेली, तशीच राहिली. पुढ्यात एक मेंढी आडवी पडून धापा टाकत होती. "आवं साहेब, मेंढी अडलीया. हिला टाकून मी हालायची न्हाई."

"विमान येतंय! माझी नोकरी जाईल!"

तिनं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून मेंढीच्या कपाळाला लावला आणि तिला उठवायला मी खाली वाकलेलोच होतो, तर त्याच बोटानं माझ्याही. मान मागं घ्यायचं राहूनच गेलं. "बिरोबा बघंल," ती म्हणाली.

"बिरोबाला वॉकीटॉकीवर बोलाया येतं व्हय?" मी डाफरलो.

"त्येला न्हाई, पर तुला येतंय की. सांग त्यास्नी, जरा थांबा म्हणावं, हितं बाळंतीण हाय."

मी बटण दाबलं. "पट्टी मोकळी नाही." पलीकडून नियंत्रण कक्षातल्या साहेबांनी माझा उद्धार केला, पण विमानाला वरच एक फेरी मारायला सांगितलं. ते आमच्या डोक्यावरून अगदी कमी उंचीनं गेलं. म्हातारीनं कपाळावर आडवा हात धरून वर बघितलं आणि सहज म्हणाली, "लेकरा, त्येचा एक पाय लुळा हाय की रं."

मी बघितलं. उजवं चाक वाकडं होऊन लोंबत होतं. आत बसलेल्यांना ते दिसण्यासारखं नव्हतं.

मग मात्र सगळं हललं. मी ओरडून सांगितलं, बंब बाहेर आला, रुग्णवाहिका आली, इंधन कमी व्हावं म्हणून विमान वर घिरट्या घालत राहिलं. तेवढ्यात मेंढी व्याली. ओलं कोकरू पदरात घेऊन म्हातारी पुढं आणि कळप मागं, असे आल्या वाटेनंच बाहेर पडले. विमान टेकलं, चाक मोडलं, एका पंखावर घासत ते पट्टी सोडून गेलं आणि थांबलं ते समोरच्या भगदाडातच. बंब आधीच तयार होता. धूर निघाला, पण विमान पेट घ्यायच्या आत बंबानं पाणी मारलं. शिकवणारे साहेब आणि शिकणारी मुलगी बाहेर आले. मुलीचा हात मोडला होता, पण ती चालत आली. पहिल्याच फेरीला ते उतरलं असतं, तर त्या भगदाडाशी कळप असता, म्हातारी असती, त्यांना घाई करणारा मी असतो, आणि बंब शेडमध्ये असता.

मी कुंपणाबाहेर पळालो. म्हातारी कोकराचं तोंड पुसत होती. विचारलं, "मावशी, ही मेंढी आज अडली नसती, तर माझं ऐकून तिकडं गेला असता?"

"गेली असती की," ती म्हणाली. "सरकारी माणूस सांगतोय म्हटल्यावर."

तिचं हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. योगायोग हा शब्द मीच गावोगाव वाटलाय, आणि तो खोटा आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण तो उच्चारला की माझा प्रश्न संपत नाही, उलट तिथूनच सुरू होतो. मेंढीला त्याच गवतात का बसावंसं वाटलं? एवढा चिडलेला असून मी तिचंच का ऐकलं? कुंपणाचं पत्रक मी पुन्हा छापलंय, आधीपेक्षा कडक. नोकरी अजून आहे. बदल एवढाच, की 'मोकळी' म्हणण्याआधी आता मी क्षणभर गप्प उभा राहतो. सगळं मला दिसत नाही, एवढं त्या क्षणात मान्य करतो.

पुढच्या सुट्टीला गावी गेलो. आईनं सवयीनं बोट पुढं केलं आणि सवयीनंच ती माझी मान मागं जायची वाट बघत थांबली. मी वाकलो. भंडारा लावून झाल्यावर तिनं चहाला हाक मारली. संध्याकाळी बिरोबापुढं उभा राहिलो. माझ्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात. तिथं बराच वेळ हात जोडून उभा होतो, मागणी एकही सुचली नाही.