पिशवी काढायची तारीख

मंचरच्या त्या दवाखान्यात बायकोचा नंबर लागायची वाट पाहत बसलो होतो. समोरच्या भिंतीवर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा मोठा फलक होता. वर लिहिलं होतं, ‘संघटनेची जाहीर भूमिका’. गरज नसताना गर्भाशय काढू नये, आधी औषधोपचार करून पाहावेत. शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणं हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. खाली पदाधिकाऱ्यांची नावं होती, आणि त्यात ज्यांच्या दवाखान्यात आम्ही बसलो होतो त्यांचंही नाव होतं.

मी अवसरी बुद्रुकला दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायचं काम करतो. ज्याचं दूध आहे त्यानंच सांगितलेला आकडा मी कधी धरत नाही. जो ऑपरेशन करतो तोच ऑपरेशन करू नका असं भिंतीवर लिहितो, हे वाचून मला बरं वाटायच्या ऐवजी शंका आली. गोळ्यांचं वाक्य तर मला सरळ धंद्याचं वाटलं. म्हणजे आता साध्या गोळीलाही यांची फी.

आत गेलो. बायकोला वर्षभर अंगावरून फार जात होतं. कधी पंधरा दिवसांनी पाळी, कधी महिना उलटून गेला तरी नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, “गाठ आहे. वय चव्वेचाळीस, मुलं मोठी झालीत. पिशवी काढून टाकू. पुढं कॅन्सरची धास्ती नको.”

“गाठ केवढीये?” मी विचारलं.

“लिंबाएवढी समजा.”

रिपोर्टवर अठरा मिलिमीटर होतं. म्हणजे दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. आमच्या बांधावरच्या बोरीला याहून मोठी बोरं लागतात. मी म्हणालो, “बाहेर फलकावर दुसरा सल्ला घ्या असं लिहिलंय.”

“घ्या की,” डॉक्टर हसले. “हे घ्या, आमच्या मित्राचं कार्ड. तोही हेच सांगेल. तारीख मात्र आजच घेऊन ठेवा, पुढं गर्दी असते.”

तारीख मिळाली ती घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यातली. कार्ड मी खिशात घातलं आणि बाहेर आल्यावर फाडलं.

घरी मोठ्या वहिनींना आनंदच झाला. त्यांनी स्वतःची पिशवी कधीच काढलीये. “काढून टाक गं बाई,” त्या बायकोला म्हणाल्या. “एकदा काढली की कटकट मिटती. सणावाराला मोकळी. आन् तुमी भावजी, कशाला मोजमाप करीत बसलाय? ती काय म्हशीचं दूध हाय का?”

सगळे हसले. बायको हसली नाही. रात्री मला म्हणाली, “मला भ्या वाटतंय. काढल्यावर पाठ जाती म्हणत्यात. वहिनींची गेलीच की. पण कॅन्सर म्हणलं की तोंड बंद व्हतं.”

मी ठरवलं, कोणीच सुचवलेला नाही असा डॉक्टर गाठायचा. म्हणून तालुका ओलांडून नारायणगावला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आत पाय टाकला आणि भिंतीवर तोच फलक, तोच रंग, तीच नावं. मी परत फिरणार होतो. बायकोनं हात धरला. “आता आलोय तर बसा गप.”

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि बायकोकडं बघून विचारलं, “कुठली औषधं चालू आहेत?”

“न्हाई, काहीच न्हाई,” मीच बोललो.

“मी त्यांना विचारलं,” त्या म्हणाल्या. “पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेता का? देवासाठी, लग्नकार्यासाठी?”

“त्या व्हय!” बायको म्हणाली. “त्या घेते की. त्या थोडीच औषधं हायेत?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “शेवटच्या कधी घेतल्या?”

बायको बोटांवर मोजू लागली. गौरीला. त्याआधी श्रावणात भीमाशंकरला गेलो तेव्हा. पुतण्याच्या हळदीला. शिनोलीच्या वास्तुशांतीला. गावच्या यात्रेला तर दोनदा, कारण पहिल्यांदा पाळीचा हिशोब चुकला. मी ऐकत राहिलो. आमच्या घरात त्या गोळ्या औषधांच्या डब्यात नसतात. वहिनी मेडिकलमधून सगळ्या बायकांच्या मिळून आणतात, आणि देव्हाऱ्याखालच्या खणात कापूर, वाती, उदबत्तीच्या शेजारी ठेवतात. मी स्वतः त्या खणातून काडेपेटी काढताना कितीदा बाजूला सारल्यात. पूजेच्या सामानाला कोण औषध म्हणेल?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “रक्त गोळ्यांनीच जातंय असं मी आज म्हणणार नाही. पिशवीच्या आतल्या अस्तराचा नमुना तपासू, म्हणजे कॅन्सरची शंका राहायला नको. पण गोळ्या आजपासून बंद. तीन-चार पाळ्या आपोआप येऊ द्या, मग पुन्हा सोनोग्राफी. एवढ्याशा गाठी पुष्कळ बायकांना असतात.”

“मंचरचे डॉक्टर तुमच्याच संघटनेचे,” मी म्हणालो. “मग ते वेगळं कसं सांगतात?”

“ते त्यांनाच विचारा. त्यांनी गोळ्यांचं विचारलं होतं का?”

विचारलं नव्हतं. फलकावर छापलं होतं, पण टेबलावर विचारलं नव्हतं. मग ते भिंतीवर कोणासाठी लावलं होतं, आमच्यासाठी की वर कोणाला दाखवायला, हे मला अजून कळलेलं नाही. या बाईंचाही मी पूर्ण भरवसा धरला नाही. नमुना पुण्याच्या लॅबला स्वतः नेऊन दिला. काही सापडलं नाही.

नवरात्र तोंडावर आलं आणि पाळीची तारीख नेमकी घटात पडत होती. वहिनींनी नेहमीसारखी गोळ्यांची पट्टी बायकोपुढं धरली.

“न्हाई घेणार,” बायको म्हणाली.

“डॉक्टरणीला आता देवाच्या तारखाबी कळाय लागल्या का? घटाला माळ कोण घालणार?”

“तुमचे भावजी घालतील.”

मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी घातली. सरळ लोंबत नाही म्हणून वहिनी नऊ दिवस माझ्या माळेला नावं ठेवत होत्या. बायको पडवीत बसून खुशाल बघत होती.

ते सगळं नंतरचं. त्याआधी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मंचरच्या दवाखान्यातून फोन आला. मी उचलणार तोच बायकोनं घेतला. पलीकडची मुलगी म्हणत होती, “उद्या येणार ना? नसाल तर तारीख दुसऱ्या पेशंटला देते.”

“द्या,” बायको म्हणाली. “पण ताई, तिला आधी इचारा, देवासाठी गोळ्या खाती का म्हणून. डॉक्टरांना सांगा, इचारा म्हणावं.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ऐकून ठेवला की ऐकायच्या आधीच ठेवला, ते आम्हांला कळलं नाही.