पोळ्याला गाडी जुंपत नाही

वर्ध्याच्या आमच्या मोटरलाइनीत पंचवीस वर्षं चहा विकते मी. गॅरेजवाल्यांचे हात ग्रीसने भरतात, माझे कान किश्श्यांनी! आता रस्ता रुंद होणार म्हणतात. टपरी राहते की जाते, म्हणून लिहून ठेवते. चौथी शिकले आहे. चुका काढायच्या असतील त्याने चहा दुसरीकडे प्यावा.

*

या लाइनीतलं पहिलं मोटरीचं दुकान एका शेठचं. दुकानात मोटर एकच! माझे सासरे तिचे मिस्त्री. शेठ गिऱ्हाइकाला आत बसवून फक्त हॉर्न वाजवू द्यायचा.

"चालवून नाई पाहाची का?"

"चालवली तं जुनी होईन न!"

*

शेवटी ती रोहण्याच्या एका पाटलाने घेतली आणि बैल जुंपून ओढत न्यायला निघाला. सासरे म्हणाले, "पाटील, मी चालवत आणून देतो न. बैल कशाले?"

"तुले रोहण्याचा रस्ता माहीत हाय? याईले हाय!"

*

त्याच पाटलाने पोळ्याला मोटरही तोरणाखाली आणली. बैलांच्या रांगेत, झूल घालून! सासऱ्यांनी हौसेने इंजिन सुरू केलं. असा बार निघाला की बैल तोरण घेऊन पळाले.

गाव सासऱ्यांवर धावलं. मोटर आणली म्हणून नाही हो!

"पोळ्याच्या दिवशी जुंपली काऊन?"

सासऱ्यांनी कान धरले. तेव्हापासून लाइनीत पोळ्याला एकही गाडी सुरू होत नाही. धुवायची, हार घालायचा, बोनेटवर पुरणपोळी ठेवायची.

*

नव्या शोरूमच्या पुण्याच्या मॅनेजरने नेमकी पोळ्यालाच टेस्ट ड्राइव्ह ठेवली. लोक आले, हार घातलेल्या गाडीसोबत फोटो काढले, हॉर्न वाजवला आणि गेले.

"अहो, कुणी चालवून का पाहिली नाही?"

मी चहा पुढे केला. "चालवली तं जुनी होईन न!"

*

पाटलाची ती मोटर म्हातारी होऊन लाइनीतच परत आली. कडुनिंबाखाली उभी आहे. माझी ताडपत्री तिच्याच टपाला बांधलेली. ती मोटर उचलली की टपरी संपली.

यंदा रस्तेवाला साहेब क्रेन घेऊन आला. पोळ्यालाच!

"बाई, सामान काढा."

"हात तं लावून पाहा!" माझ्या हातात उकळत्या चहाचं भांडं होतं.

क्रेनचा ड्रायव्हर इथलाच, आमच्या तळेगावचा. त्याने हार घातलेल्या गाड्यांची रांग पाहिली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"मावशी, एखादा हार उरला काय?"

दिला. त्याने तो क्रेनच्या हुकाला घातला.

साहेब ओरडला, "काय करून राह्यला तू?"

"पोळा हाय, साहेब. आज नाई जुंपत."

"मंग उद्या सकाळीच उचलजो!"

ड्रायव्हरने हार नीट केला.

"उद्या पोरायचा तान्हा पोळा हाय, साहेब!"