शिमग्याच्या आधीची तारीख

माझ्या घरात, माझ्या बायकोच्या फोटोसमोर, मी माझ्या मित्राला सगळ्या मजल्यादेखत घाणेरडा म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी पुष्कळ जणांवर रागावणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याला माझीही लायकी ठाऊक असलेली बरी.

हिला जाऊन महिना झाला होता. महिन्याचं जेवण होतं. डिलाईल रोडवरची आमची खोली दहा बाय बारा, त्यामुळे निम्मी माणसं आत आणि निम्मी गॅलरीत. आमच्या गावच्या बुवांचं एक भजन हिला फार आवडायचं. दिवा लावला की ही ते कंप्युटरवर लावायची. कंप्युटर मुलीचा जुना. तिने बदलापूरला नवीन घेतला, तेव्हा हा आमच्याकडे आला. मी चौथी शिकलेला. मला चालू करता येतो, बंद करता येतो, आणि भजनाचं नाव एकेक अक्षर हुडकून टाकता येतं. म्हटलं, आज मीच लावतो.

भजनाच्या जागी एक बाई आली. अंगावर नावाला कपडे. ती घालवली तर दुसरी आली. मग लाल अक्षरं, मग घंटा, तुमचा कंप्युटर धोक्यात आहे, इथे दाबा. बायकांनी तोंडाला पदर लावले. गॅलरीत कोणीतरी फिसकन हसलं. शेवटी मुलीने मागची वायरच उपटली.

मित्र तिथेच पानावर बसला होता. तो शेजारच्या खोलीतला, मध्ये एक भिंत. गिरणीत मी साच्यावर, म्हणजे मागावर, आणि तो टाइम ऑफिसात कारकून. मॅट्रिक पास, इंग्रजी वाचणारा. लग्न केलं नाही. त्यावरून चाळ काय काय बोलली, पण आमच्या घरात त्याला कधी कोणी वाकडं बोललं नव्हतं. रविवारची मटणाची वाटी हिच्या हातची. रोज सकाळी पेपर घेऊन यायचा, पेपर मला द्यायचा आणि आपण कंप्युटरसमोरच्या खुर्चीत बसायचा. दिवसा आमच्या चाळीत दार लागत नाही, त्यामुळे येऊ का, बसू का, असलं विचारायची पद्धत नाही.

मशीन वापरणारे तीन. मी, ही आणि तो. मी बोटाने अक्षरं हुडकणारा. ही फोटोत. मग राहिलं कोण?

"म्हातारचळ लागलाय तुला," मी म्हणालो. "माझ्या बायकोच्या खुर्चीत बसून असलं बघतोस? घाणेरड्या!"

तो रागावला की मालवणीत शिरतो. "तू काय बोलतंस ता तुका कळता?"

"कळतं. ऊठ."

त्याने हिच्या फोटोकडे बघितलं. मला वाटलं, शपथ घेईल, भांडेल, निदान एक शिवी देईल. काही नाही. पानावरून उठला, चपला शोधल्या आणि गेला. वडे तसेच, काळ्या वाटाण्याची आमटी तशीच. मेलेल्या माणसाच्या नावाचं पान अर्धं टाकून उठणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं दार दिवसा बंद. आमच्याकडे दिवसा दार बंद असलं तर एकतर बाहेरून कुलूप असतं, नाहीतर आत मयत. त्याचं दोन्ही नव्हतं. भिंतीतून खोकला ऐकू यायचा. मी मनात म्हणायचो, खोक. तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणजे मीच खरा.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, असं नका बोलू काकांना. कोणाकडून तरी साफ करून घ्या, मग बघू." करी रोडच्या पुलाखाली झेरॉक्स आणि कंप्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी एक चाळिशीतली बाई आहे, ती एका दुपारी आली. चहा नको म्हणाली. खुर्चीत बसली आणि दोन मिनिटांत म्हणाली, "काका, मोठं काही नाही. फुकटचं काहीतरी आत घेतलंय. तुम्ही शोधता एक, ते मध्ये दलालासारखं उभं राहतं आणि भलत्याच दुकानात नेतं. अर्ध्या तासात काढते."

"काढशील नंतर. आधी सांग, घातलं कोणी?"

"ते कशाला? निघालं की झालं ना."

"नाही झालं."

साच्यावर कापडाला जाळी पडली की नुसते धागे सांधून भागत नसे. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, पहिलं विचारायचा, पाळी कोणाची? मग कापड उलगडत मागे जायचं, जाळी जिथून सुरू झाली ती जागा शोधायची, तेव्हा साच्यावर हात कोणाचा होता ते बघायचं, आणि मगच कात्री. तीस वर्षं मी हेच केलं. माझा हात कधी सापडला नाही, दुसऱ्यांचे सापडले. बाईला म्हटलं, मला जागा दाखव आणि पाळी दाखव. ती हसली. "असं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतेय."

पण तिने दाखवलं. मशीनमध्ये जे जे घातलंय त्याची एक यादी असते आणि प्रत्येकापुढे घातल्याची तारीख. त्यात एक नाव तिने बोटाने दाखवलं. इंटरनेटवरची पुस्तकं उघडून देतो असं म्हणणारा कसलातरी फुकटचा प्रोग्राम. "हा तुमचा चोर. बाकीचे सगळे ह्याची पोरं." तिने तारीख वाचली. गेल्या वर्षीची होती.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आता तारीख घेऊन शेजारचं दार वाजवतो. हिला जुनी कॅलेंडरं टाकवत नसत, नवीन आलं की जुन्यावरच टांगायची. मी खालचं काढलं, पान उलटलं. तारीख शिमग्याच्या दोन दिवस आधीची. चौकटीत दुधाच्या खाड्यांबरोबर हिच्या अक्षरात लिहिलेलं, "हे आणि भावोजी गावी. दूध अर्धा लिटर." तिथून पुढे आठ दिवस रेघ मारलेली.

भावोजी म्हणजे मित्र, ही त्याला तशीच हाक मारायची. शिमग्याच्या पालखीला आम्ही तिघे दरवर्षी जायचो, एकाच गाडीने. त्या वर्षी ही म्हणाली, "माझं पित्त उठलंय, अहो, तुम्ही दोघे जा." चाळीस वर्षांत पहिल्यांदा ही शिमग्याला आली नाही आणि मी म्हणालो, बरं, डबा तरी दे.

खोलीत ती एकटीच होती.

"काका, हे घेतलं कशासाठी ते पण दिसतंय," बाई म्हणाली. "एक पुस्तक उतरवलंय, इंग्रजी. ते उघडायचं तर आधी हे घ्या म्हणून सांगतात, माणूस घेतो. नेहमीची फसवणूक आहे." तिने पुस्तक उघडलं, थोडं वाचलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काकींना काय झालं होतं?"

"गाठ. आतड्यात."

"कधी कळलं?"

"गणपतीनंतर."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर पोटाचं चित्र होतं, माझ्या शिक्षणालाही कळेल असं. नाव तिने वाचून सांगितलं, ऑपरेशन न करता गाठ विरघळवण्याचे उपाय. उतरवल्याची तारीख तीच. शिमग्यापासून गणपतीपर्यंत बोटं मोजा. सहा महिने.

मित्राच्या विरुद्ध पुरावा शोधायला बसलो होतो, बायकोच्या विरुद्ध सापडला.

त्या सहा महिन्यांत मी काय काय केलं? कॅलेंडरची पुढची पानं उलटायची गरज नव्हती. आमटीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. गणपतीत हिने मोदक खाल्ला नाही, तर म्हणालो, कशाला नखरे, बारीक व्हायचंय का या वयात? मी बाहेरून आलो की ही पटकन पडदा बंद करायची. मला वाटायचं, साड्या बघत असेल. त्या उघड्या बाया आणि घंटा तेव्हापासूनच येत असणार. ही एकेक घालवत बसली असणार, मी यायच्या आत. माझ्यापासून आजार लपवला आणि आजारापायी आलेली घाणही लपवली. एका खोलीत, एका पंख्याखाली. मी घरमालक का पाहुणा?

बाईने काम पुरं केलं. यादीतून तो प्रोग्राम काढला. ब्राउझरच्या आत त्याची दोन पोरं चिकटली होती, ती काढली. येता जाता जाहिराती दाखवायला आपणच परवानगी देऊन बसलेलो असतो, ती सगळी बंद केली. शोधायची जागा बदलून ठेवली होती, ती पूर्वीसारखी केली. मग म्हणाली, "पुस्तकात काही खोड नाही, पण काढू का?"

"राहू दे," म्हणालो.

मग मला सुचायला नको होतं ते सुचलं. ही मॅट्रिक नापास. असलं इंग्रजी पुस्तक तिला एकटीला वाचता येणार नव्हतं. या मजल्यावर ते वाचून सांगणारा आणि रोज त्या खुर्चीत बसणारा एकच माणूस.

मी जाऊन शेजारचं दार वाजवलं. त्याने उघडलं. दाढी वाढलेली.

"तुला माहीत होतं."

त्याने गॅलरीत दोन्ही बाजूंना बघितलं.

"शिमग्यापासून तुला माहीत होतं, बोल."

"गावाहून आल्यावर कळलं. वाचून सांगा म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, हे भोंदू आहेत, केईएमला चला. तिथेही मीच नेलं. लाइनीत मी उभा राहिलो. तू समजलास मी पेन्शनच्या कामाला जातो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"वहिनीन शपथ घातल्यान माका."

"त्या दिवशी मी तुला घाणेरडा म्हणालो, तेव्हा तरी बोलायचं होतंस!"

"कोणासमोर? अख्ख्या मजल्यासमोर? तिच्या महिन्याच्या पानावर बसून सांगू, की वहिनी तुझ्यापासून चोरून रडत होती?" त्याचा आवाज चढला. "मेल्या, माझी अब्रू गेली ती गेली. तिची कशी घालवू?"

मी दाराला धरून उभा होतो. विचारलं, "पण का? मी काय केलं असतं?"

"तेच विचारलं मी. म्हणाली, 'भावोजी, यांना कळलं तर हे माझ्याशी गोड बोलायला लागतील. ते मला बघवणार नाही. ओरडतात तसे ओरडू देत, म्हणजे सगळं जागेवर आहे असं वाटतं.'"

लोकांना वाटेल, हे ऐकून मला भरून आलं. नाही आलं. मला संताप आला, आणि तो अजून आहे. तिला माझं ओरडणं हवं होतं, ते तिने पोटभर घेतलं. मला काय हवं होतं ते कोणी विचारलं? सहा महिने मला नीट वागता आलं असतं. जमलं असतं की नाही, तो माझा प्रश्न. या दोघांनी मिळून तो माझ्या हातातून काढून घेतला आणि वर मला कळूही दिलं नाही. फोटोकडे बघून मी हे रोज बोलतो. मोठ्याने बोलतो. ओरडणं आवडतं ना तुला, मग घे.

मित्राला एवढंच म्हणालो, "पानावरून उठवलं ते चुकलं माझं." तो म्हणाला, "बरं." मी म्हणालो, "पण तुझंही चुकलं." त्यालाही तो "बरं" म्हणाला. मग गॅलरीत जाऊन ज्यांच्यासमोर बोललो होतो त्या सगळ्यांना एकेका दारात सांगितलं, की मशीनमध्ये बिघाड होता, याचा काही दोष नाही. कसला बिघाड ते सांगितलं नाही. म्हणजे आता मीही तिचंच लपवतोय. मला शपथ न घालताच तिने मला कामाला लावलं.

दुसऱ्या सकाळी तो पेपर घेऊन आला. मी कंप्युटर चालू केला होता. भजनाचं नाव टाकलं, भजनच आलं, बुवांचा आवाज लागला. त्याने पेपर माझ्या हातात दिला. खुर्ची रिकामी होती. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याने मला विचारलं,

"बसू?"