इंजिनरूममधला फुटबॉल

मधलं जेट बंद पडलं तेव्हा खडक एक किलोमीटरवर होते. मिनिटभरात डावंही गुदमरायला लागलं. तीनपैकी एक जेट उरलं, आणि तेवढ्यावर वाऱ्यात जहाज सरळ राहत नाही.

जेट म्हणजे विमानाचं नव्हे. मोठ्या जहाजाला खाली पंखा असतो, त्याला खोल पाणी लागतं. आमचं जहाज लहान, वेगवान आणि किनाऱ्याजवळच्या कामाचं. त्याच्या तळाला जाळी लावलेलं तोंड होतं. आतला पंप तिथून पाणी ओढायचा आणि मागे जोरात फेकायचा. त्या धक्क्याने जहाज पळायचं. पुरुषभर पाणी आणि वर थोडं, एवढ्यात आमचं भागायचं. मी तिथे इंजिनरूमचा चीफ होतो. डोणगावात बापाच्या विहिरीवरचा पंप खोलता खोलता शिकलो, बाकीचं नेव्हीने शिकवलं.

त्या दिवशी दुपारी आमच्याबरोबरच्या मोठ्या जहाजाला रडारवर एक बोट दिसली. वायरलेसला उत्तर नाही, आणि सरकत होती खाडीच्या तोंडाशी, खडकांकडे. चोर असो की कोळी, जवळ जाऊन बघणं भाग होतं. मोठ्या जहाजाला त्या पाण्यात शिरता येत नव्हतं. ते चार मैल बाहेर थांबलं आणि आम्हाला आत पाठवलं. आम्ही निम्म्याहून जास्त अंतर कापलं आणि पाण्यात सोडून दिलेलं जुनं जाळं आमच्या तळाला चिकटलं. तोवर ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, दुर्बिणीत बोटीवरची माणसं दिसली होती. पाच जण. एक जण अंगातला शर्ट काढून हलवत होता.

रीतीने पाणबुड्याला खाली उतरवून जाळं कापायचं. त्याला अर्धा तास लागतो. बोटीकडे तेवढा वेळ नव्हता.

माझ्या शेजारी रफिक होता, देऊळघाटचा. एकाच जिल्ह्याचे दोघे एका इंजिनरूममध्ये, हा योगायोगच. इंजिनांच्या आवाजात मी ओरडलो, "रफिक, फुटबॉल चोकला बे. पानी उलटं सोडा लागते."

"हाव," तो म्हणाला. "पन इथं दोरी कुठी हाय?"

"गिअरबॉक्सलेच दोरी समज."

आमच्याकडच्या वाचकांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी झडप असते, तिला जाळी असते. तिचं खरं नाव फूट व्हॉल्व्ह. आमच्याकडे ती फुटबॉल. जाळीत पाला अडकला की झडपेला बांधलेली दोरी ओढायची. पाइपातलं पाणी उलटं पडतं आणि जाळी साफ होते. आमच्या जहाजाचा पंपही गिअरबॉक्समधून उलटा फिरवता यायचा. फक्त जाळं सैल होण्याऐवजी आणखी गुंतलं, तर उरलेला प्रवास वाऱ्याच्या मर्जीने झाला असता.

इंटरकॉमवर कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "चीफ, कितना टाइम?"

"पंधरा मिनिटं, सर."

"पांच."

"दहा. कमी पाहिजे असतील तर दुसरा चीफ बघा, सर."

दहा मिळाली. मला आठ लागणार होती. बैलबाजारात बापामागे हिंडून मी एवढं शिकलो होतो की लागतं तेवढंच मागणाऱ्याला कधीच पुरत नाही.

पहिल्यांदा उलटं फिरवलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदा रफिकने गिअर सोडून एकदम परत जोडला. सगळं जहाज हादरलं. तिसऱ्या झटक्याला मागे पाण्यावर हिरवं जाळं तरंगताना दिसलं, असं मागच्या डेकवरून कळलं. डावं जेट सुरू झालं, मग मधलं. आम्ही पोचलो तेव्हा बोट आणि खडक यांच्यात जेमतेम एक जहाज मावेल एवढीच जागा होती. कॅप्टनसाहेबांनी त्याच जागेत जहाज घातलं, दोर टाकला आणि बोट ओढून बाहेर काढली.

बोटीची बॅटरी मेली होती, म्हणून इंजिन नाही आणि वायरलेसही नाही. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हातारा होता. वर आल्यावर चहा घेत म्हणाला, "ते मोठं जहाज सकाळपासून दिसत होतं. पण ते काय आत येणार? तुमचं एवढंसं बघून आम्हाला वाटलं कस्टमवाले आले."

लहान जहाजाच्या उपयोगावर मी पुढे बरीच भाषणं ऐकली. त्यांत याहून जास्त काही नव्हतं.

पुढचं सांगताना आजही डोकं फिरतं. रफिकशी बोलताना इंटरकॉमचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. वर ब्रिजवरच्या ऑफिसरने ऐकलं तसं लिहिलं: मधल्या जेटमध्ये फुटबॉल अडकला, काढला. रिपोर्ट तसाच वर गेला.

महिन्याभराने वरच्या ऑफिसातून बोलावणं आलं. पाच जीव वाचवल्याचं शाबासकीपत्र मोठ्या जहाजाला गेलं होतं, बोट आधी त्यांनी पाहिली म्हणून. आमच्या वाट्याला चौकशी आली. डेकवर फुटबॉल कोण खेळत होतं?

मी म्हणालो, "साहेब, आमच्या डेकवर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागतं. खेळणार कुठं?" आवाज चढला होता, हे मान्य करतो. खेळाचं सामान नीट बांधलं नव्हतं, अशा कागदावर त्यांना माझी सही हवी होती. मी म्हटलं, आधी जाळ्याचं नाव लिहा. तासभर घासाघीस चालली. शेवटी सही टळली आणि रिपोर्टच्या कडेला एक ओळ वाढली: फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह.

त्यावर पंधरा दिवसांत नवं पत्र आलं. या जहाजाला फूट व्हॉल्व्ह नसतो, तो कोणाच्या परवानगीने बसवला?

तेव्हा मी भांडणं सोडलं. कॅप्टनसाहेबांनी काय उत्तर दिलं, ते मला माहीत नाही. जाळ्याचं नाव त्या फायलीत शेवटपर्यंत आलं नाही. रफिक माझ्याआधी नेव्हीतून सुटला. भेटला की अजून विचारतो, "चीफ, दोरी सापडली का?"

आता माझं डोणगावात पंपदुरुस्तीचं दुकान आहे. धडा म्हणाल तर एवढाच: आपल्या बोलीत बोलण्याआधी बटण सोडलं की नाही ते बघावं. दुकानात मी एका डब्यावर मोठ्या अक्षरांत 'फूट व्हॉल्व्ह' लिहिलं होतं. गिऱ्हाईक त्या डब्यासमोर उभं राहून विचारायचं, "भाऊ, फुटबॉल नाही का?" वर्षभर समजावलं. मग डब्यावरचं नाव बदललं.